पहिला आकडा आठव्या खणात

मी भांडखोर आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाईटही वाटत नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी ठिबकच्या कंट्रोलरची कार्डं तपासते. कार्ड चालवून बघितल्याशिवाय माझा शिक्का त्यावर पडत नाही, मग टेंपो दारात उभा असो नाहीतर खुद्द मालक. "मॅडम, मागच्या लॉटसारखंच आहे," असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. या 'मागच्यासारखंच'पायी माझं शिक्षण जवळजवळ बुडालं होतं. ती गोष्ट धुळ्याची, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची.

धुळ्याच्या आमच्या तंत्रनिकेतनात प्रयोग करायची पद्धत नव्हती, प्रयोग उतरवायची पद्धत होती. सत्र सुरू झालं की वरच्या वर्गातल्या कोणाची तरी फाइल मिळवायची. मला मिळाली ती शिरपूरच्या एका मुलीची, तिला तिच्या आधीच्या मुलीची मिळाली होती, आणि तिच्याही आधी कोणाची तरी. आकृती, प्रोग्राम, उत्तरं, निष्कर्ष, सगळं जसंच्या तसं. एका वर्षी कोणाच्या तरी फायलीवर चहा सांडला होता, त्यामुळे सहाव्या प्रयोगातली एक ओळ दिसत नव्हती. पुढच्या सगळ्या फायलींमध्ये ती ओळ नाहीच. कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही, कारण वाचत कोणीच नव्हतं, ना लिहिणारे ना तपासणारे. सर पानं मोजायचे, तारीख बघायचे आणि सही ठोकायचे.

मीही मुकाट्याने आठ प्रयोग उतरवले. उगाच हरिश्चंद्राचा आव आणत नाही. नववा प्रयोग उतरवताना मात्र माझा हात थांबला, कारण तेवढा भाग मी पुस्तकातून खरोखर वाचला होता. वाचला, कारण ज्यावर हे सगळे प्रयोग होते तो मायक्रोकंट्रोलर मला मनापासून आवडला होता.

आवडण्यासारखंच होतं ते. बोटभर लांबीची काळी चिप, दोन्ही बाजूंना मिळून चाळीस पाय. आत काय नाही ते विचारा. प्रोग्राम ठेवायला एक जागा, जी वीज गेली तरी पुसली जात नाही. चालू काम ठेवायला दुसरी जागा, अवघे एकशे अठ्ठावीस खण. बाहेरच्या जगाशी बोलायला चार पोर्ट, वेळ मोजायला दोन टायमर, दुसऱ्या यंत्राशी तारेवरून एकेक बिट बोलायची सोय, आणि कोणी तातडीने हाक मारली तर हातातलं काम ठेवून उठायची सोय. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात आमचं घर एका खोलीचं. त्यात चूल, मोरी, झोपणं, माझा अभ्यास, आल्यागेल्याचा चहा, सगळं बसायचं, कारण आईने प्रत्येक वस्तूची जागा ठरवून दिली होती. त्या चिपमध्येही तसंच होतं. एकशे अठ्ठावीस खणांतले पहिले बत्तीस रजिस्टरांचे, म्हणजे सतत हाताशी लागणाऱ्या खणांचे, आठ-आठच्या चार ओळींत. पुढच्या सोळा खणांतला प्रत्येक बिट वेगळा हात लावता येईल असा. उरलेले ऐंशी मोकळे, हवे तसे वापरा. टायमर, पोर्ट वगैरेंवर हुकूम चालवणारी खास रजिस्टरं या सगळ्यांच्या वरच्या पत्त्यांवर. मोठ्या संगणकाचं वर्णन वाचताना मला परक्या बंगल्यात आल्यासारखं व्हायचं. इथे मात्र मी घरी होते.

नववा प्रयोग स्टॅकचा. स्टॅक म्हणजे ज्या खणांमध्ये चिप हातातली वस्तू तात्पुरती ठेवते आणि नंतर उलट क्रमाने उचलते, ती जागा. शेवटची वस्तू कोणत्या खणात ठेवली हे स्टॅक पॉइंटर नावाचं एक रजिस्टर लक्षात ठेवतं. चिप चालू झाली की त्यात सात हा आकडा असतो. प्रयोगात तीन आकडे स्टॅकवर ठेवायचे आणि ते कोणत्या खणांत गेले ते लिहायचं, एवढंच. फायलीत उत्तर होतं: सात, आठ, नऊ. पुस्तकात लिहिलं होतं की चिप आधी पॉइंटर एकाने पुढे सरकवते आणि मग आकडा ठेवते. म्हणजे उत्तर व्हायला हवं आठ, नऊ आणि त्यापुढचा खण. शिवाय सातवा खण पहिल्या ओळीतल्या शेवटच्या रजिस्टरचा. तिथे आकडा ठेवला तर त्या रजिस्टरातला माल गेला. खण शून्यापासून मोजायचे, एवढं लक्षात ठेवलं की शाळेतल्या पोराला कळेल असं होतं हे.

मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राम चालवला. पहिला आकडा आठव्या खणात गेला. मी फायलीत आठ लिहिलं आणि सरांकडे नेलं.

सर तरुण होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. वाईट माणूस नव्हते. वर्गात कधी कोणाचा पाणउतारा केला नाही. त्यांनी लाल पेन काढलं, माझ्या आठवर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'पुन्हा लिहा'. मी पुस्तकाचं पान दाखवलं. ते म्हणाले, पुस्तकं छत्तीस असतात. मी सिम्युलेटरचं सांगितलं. ते म्हणाले, ते फुकटात उतरवलेलं सॉफ्टवेअर, त्याचा काय भरवसा, खरं उत्तर किटवर येतं. मी म्हटलं, मग किटवर बघू. त्यावर ते हसले आणि पुढच्या मुलीची फाइल ओढली.

किटबद्दल सांगायला हवं. आमच्या लॅबमध्ये लोखंडी कपाटात मायक्रोकंट्रोलरची दहा किट, म्हणजे प्रयोग करायचे तयार बोर्ड, होती. ती वर्षातून दोनदा बाहेर यायची. एकदा तपासणीची कमिटी यायची तेव्हा, आणि एकदा खंडेनवमीला. त्या दिवशी लॅबचे शिपाई नाना ती टेबलावर ओळीने मांडायचे, सर प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि नारळ फुटायचा. किटवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच असायचं, कुंकू त्या प्लास्टिकवर. दरवर्षीचं एक बोट, जुनं काळपट आणि वरचं लाल. आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर दोन तसबिरी आहेत, बस्स, म्हणून मी मागे उभी राहून बघायचे. पूजेला माझा काडीचाही विरोध नव्हता. माझं म्हणणं एवढंच की पूजा झाल्यावर तरी ते चालू करा की. शेतकरी बैलाची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपतो.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याच पानावर फुलीखाली नववा प्रयोग पुन्हा लिहिला. उत्तर आठच. पुन्हा फुली. तिसऱ्यांदा त्याच पानाखाली उरलेल्या जागेत लिहिलं, पुन्हा फुली. आता गोष्ट वर्गात पसरली. मला वाटलं होतं निदान मुली तरी माझ्या बाजूने उभ्या राहतील. झालं भलतंच. सगळ्यांच्या फायलींवर सह्या होऊन चुकल्या होत्या. तुझं खरं निघालं तर आम्हा सगळ्यांना परत लिहायला लावतील, असं एकीने मला तोंडावर सांगितलं. दुसरी म्हणाली, सात काय नि आठ काय, नोकरीत कोण विचारणार आहे? आज ती भेटली तर मी तिला माझ्या टेबलापाशी बसवून दाखवीन कोण विचारतं ते.

सर मात्र आता हसत नव्हते. फाइल पूर्ण नाही तर सत्राची सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. त्यात काही धमकी नव्हती, नियमच तसा होता. पण माझ्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. मी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायचे. वर्ष वाया गेलं की तिथली खोली जायची. चोपड्याकडून धुळ्याला रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. खोली गेली की शिक्षण गेलं, हे मला पाठ होतं. एका आकड्यासाठी एवढं पणाला लावायचं का, या विचाराने माझी दोन रात्री झोप उडाली. मी घाबरले होते. उगाच शूरपणा कशाला सांगू?

शेवटी घरी फोन केला. आमचे आबा, माझे वडील, केळीबागेत घड वाहायचं काम करतात. डोक्यावर चुंबळ, त्यावर घड, बागेतून गाडीपर्यंत. त्यांना स्टॅक समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी एवढंच सांगितलं की फायलीत एक उत्तर आहे, माझं दुसरं आहे, आणि माझं खोडलं नाही तर वर्ष जाईल. आबांनी विचारलं, "तू तुन्या डोयाघाई देखं का?"

"कॉम्प्युटरवर देखं, आबा. डब्बावर आजून नई."

"मंग पहिले डब्बा उघाड. आनि खरं व्हई ते खोडू नको. वरीस गयं ते गयं."

डोळ्यांनी बघितलंस का, हा प्रश्न आमच्या तंत्रनिकेतनात कोणी कोणाला विचारला नव्हता. तो विचारला सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने. मला सरांचा राग आला, माझाही आला, कारण मी स्वतः आठ प्रयोग डोळे मिटून उतरवले होते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. प्राचार्यांच्या नावे, विषय, संदर्भ वगैरे सगळं व्यवस्थित. नववा प्रयोग किटवर करून दाखवण्यात यावा ही विनंती, एवढाच मजकूर. अर्ज सरांकडे न देता मी थेट कार्यालयात आवक-जावकच्या खिडकीत दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घेतला. आपल्याकडे तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, पण आवक क्रमांक पडलेला कागद गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. तीन दिवसांनी त्यावर शेरा आला, 'प्रयोग घेऊन दाखवावा'.

त्या दुपारी नानांनी कपाट उघडलं. सबंध वर्ग टेबलाभोवती जमला होता. तमाशा कोणाला नको असतो! नाना धोतराच्या सोग्याला हात पुसत पुढे आले, प्लास्टिकला कात्री लावताना क्षणभर थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, पंधरा वरीस व्हयनात, मी यासले निस्ता पुसस. पेटेल येकबी देखेल नई."

पंधरा वर्षं नुसती पुसलेली ती किट त्यांनीही कधी पेटलेली बघितली नव्हती. प्लास्टिक निघालं. आत नवाकोरा हिरवा बोर्ड होता. आठ एलईडींची ओळ, बटनं, वायरी, सगळं जागच्या जागी. मध्यभागी चाळीस भोकांचं सॉकेट होतं. सॉकेट रिकामं होतं.

दुसरं किट उघडलं, तेही रिकामं. दहाच्या दहा उघडली. एकातही चिप नव्हती. कंपनीने चिप वेगळ्या नळीत भरून दिल्या असतील आणि ती नळी पंधरा वर्षांत कुठे गेली देव जाणे, असं सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. कोणीतरी मागे खुसखुसलं. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं आम्ही रिकाम्या भोकांना कुंकू लावत होतो आणि त्यांच्याच नावाने माझ्या उत्तरावर फुली पडत होती, याने माझ्या अंगाची आग झाली.

सरांनी सगळ्यांना वर्गात पाठवलं आणि मला थांबवलं. दार लोटून ते म्हणाले की झालं ते झालं, हा विषय बाहेर जायला नको, तू अर्ज मागे घे, मी तुझ्या आठवर आत्ता सही करतो. त्यांनी निळं पेन उघडून हातात धरलं होतं. खोली वाचत होती, परीक्षा वाचत होती, माझं उत्तरही राहत होतं. आणखी काय हवं होतं मला? खरं सांगते, माझा हात फायलीकडे गेला होता.

पण आबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नव्हतं. फुली जशी न बघता मारली होती, तशीच सहीही न बघता होणार होती. मग माझं आठ आणि त्यांचं सात यांत फरक तो काय उरला? मी म्हटलं, "सर, सही नको. आधी दिवा पेटलेला बघू."

ते म्हणाले, चिप कुठून आणणार आहेस? त्याचं उत्तर नानांकडे होतं. ते कपाटाशी पाठमोरे उभे राहून सगळं ऐकत होते. कार्यालयाबाहेर भिंतीवर एक डबा होता, तासांच्या घंटेचा. कधीकाळी तिथल्याच विद्यार्थ्यांनी बनवलेला. दर तासाला आपोआप घंटा वाजवायचा. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हापासून नाना लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडीने ठोके देत होते. ते गेले आणि स्टूल व पेचकस घेऊन तो डबाच काढून आणला. आत धुळीच्या थराखाली तीच चिप होती, चाळीस पायांची. वर्षानुवर्षं तिने आपल्या टायमरवर सगळ्या कॉलेजचे तास मोजले होते आणि आमच्यापैकी कोणाला ते ठाऊक नव्हतं. काढताना एक पाय वाकला. मी तो नखाने हळूच सरळ केला.

जुना प्रोग्राम पुसून नवा चढवायला मला पुढचा सबंध दिवस लागला, कारण किटची वायर आणि लॅबचा कॉम्प्युटर यांचं जमेना. प्रोग्राम साधा लिहिला. सातव्या खणात आधी शून्य ठेवायचं, म्हणजे जुना कचरा नको. मग ज्याचे खालचे चार बिट एक आहेत असा आकडा स्टॅकवर पहिला ठेवायचा, त्यामागोमाग दुसरे दोन. बटन मोकळं असेल तर सातव्या खणातला माल पोर्टवरच्या आठ दिव्यांवर दाखवायचा, दाबलेलं असेल तर आठव्यातला. फायलीतलं खरं असेल तर बटन न दाबताच चार दिवे लागले पाहिजेत.

वर्ग पुन्हा जमला. मी स्विच टाकला. एकही दिवा लागला नाही. मागून कोणीतरी म्हणालं की चिप मेलेलीच असणार. सरांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. मी त्यांना म्हटलं की सर, बटन तुम्ही दाबा. ते जागचे हलले नाहीत. मग नानाच पुढे झाले आणि त्यांनी अंगठा ठेवला. उजवीकडचे चार लाल दिवे झटकन लागले. नानांनी अंगठा उचलला, दिवे गेले. पुन्हा ठेवला, पुन्हा लागले. ते चार-पाच वेळा तेच करत राहिले आणि कोणी त्यांना थांबवलं नाही. पहिला आकडा आठव्या खणात होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी ती पुसली नाही आणि लपवलीही नाही.

संध्याकाळी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक जुनी फाइल होती, पानं पिवळी पडलेली. नववा प्रयोग उघडून त्यांनी ती माझ्याकडे फिरवली. सात, आठ, नऊ. अक्षर त्यांचं होतं. ते याच तंत्रनिकेतनात शिकले होते, किट नवी आली त्या वर्षी, आणि ती तेव्हाही कपाटातच होती. कमिटी येईपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं होतं. उत्तर त्यांनी अंदाजाने लिहिलं. त्यांच्या पुढच्या प्रत्येक फायलीत तेच उतरत गेलं होतं.

"मलाही कोणी दाखवलं नव्हतं," ते म्हणाले.

मला त्यांची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण राग जास्त आला. ज्याला दाखवलं नाही त्यानेच पुढच्यांना दाखवायचं नाही, हा कुठला न्याय? मी म्हटलं, "सर, आता कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे."

त्यांनी खणातून एक कोरं पान काढलं आणि म्हणाले की प्रयोग यावर नीट लिहून आण, हे फुल्यांचं पान फाडून टाक, त्यावर सही करतो. मी कोरं पान परत त्यांच्यापुढे सरकवलं. माझी फाइल उघडली, तीन लाल फुल्यांचं पान काढलं आणि तिसऱ्या फुलीखाली बोट ठेवलं. म्हटलं, सही इथेच करा.

बराच वेळ त्यांनी त्या पानाकडे बघितलं. मग सही केली, तारीख घातली आणि गुण लिहिले. पंचविसांपैकी दहा. पास व्हायला दहाच लागतात. माझ्या वर्गात एवढे कमी गुण दुसऱ्या कोणाला नव्हते. मी फाइल बंद केली, त्यांना नमस्कार केला आणि परीक्षेचा फॉर्म भरायला खिडकीकडे गेले.